समुपदेशकाला फोन करण्याआधी: कुठल्या थेरपीत नेमकं काय करतात

"मॅडम, तुमच्याकडे काउन्सेलिंग करतात ना?"

"हो, करतो."

"म्हणजे नेमकं काय करतात ओ?"

आठवड्यातून तीन-चार तरी फोन असे येतात. पलीकडे बहुतेक वेळा घरातली बाई असते. नवऱ्यासाठी नाहीतर मुलासाठी विचारत असते आणि मागून कुणाचा तरी दबका आवाज येतो, "गोळ्या देतात का विचार."

सांगलीत विश्रामबागेला माझं दोन खोल्यांचं केंद्र आहे. २००६ पासून हे काम करते. "नेमकं काय करतात" हा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण थेरपी या एका शब्दाखाली निदान दहा वेगवेगळी कामं चालतात. कुठे कागद-पेन्सिल घेऊन विचार तपासतात, कुठे दाराच्या कडीला हात लावून अर्धा तास बसवतात, कुठे लहान मूल वाळूत गाडी पुरत असतं आणि समुपदेशक नुसता शेजारी बसलेला असतो. आपल्या त्रासाला न लागणाऱ्या कामाला बसलात तर वेळ आणि पैसे जातातच. पण त्याहून वाईट म्हणजे "काउन्सेलिंग करून बघितलं, मला नाही लागू पडलं" म्हणत माणूस पुढची दहा वर्षं तो त्रास अंगावर काढतो. अशी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणांतले तपशील ओळख लागू नये इतके बदलले आहेत.

आधी दार कुठलं ठोठवायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले. औषधं तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यांनी दवाखान्यातलं प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. ज्याच्याकडे तो आहे त्याला राग येत नाही. समुपदेशक हा शब्द मात्र पाटीवर कुणीही रंगवतं. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलंही मी पाहिलं आहे. म्हणून शिक्षण कुठलं, किती वर्षांचं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

काही वेळा समुपदेशकाआधी डॉक्टर गाठायचेच. झोप आठवडाभर जवळजवळ गेलीये, कानात आवाज येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं पक्कं वाटतंय, जेवण सुटलंय, मरणाचे विचार येतायत, अशा वेळी पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञांची. माझ्याकडे असा फोन आला तर मी स्वतःची वेळ देत बसत नाही, मिरजेला किंवा सांगलीत डॉक्टरांकडे पाठवते आणि नंतर आमचं काम सुरू करते. गोळ्या आणि थेरपी या सवती नव्हेत, दोन्ही एकत्र चालतात. आणि एक साधी गोष्ट: सतत थकवा, उदासी, कशात रस नाही, असं असेल तर थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड कमी पडलं की माणूस हुबेहूब नैराश्यात गेल्यासारखा दिसतो.

पहिल्या भेटीत थेरपी सुरू होत नाही, हेही आधीच सांगते, कारण लोक हिरमुसतात. त्या पन्नास मिनिटांत मी विचारते: त्रास कधीपासून, काय केलं की वाढतो, काय केलं की हलका होतो, घरात कोण कोण, औषधं कुठली. कधी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेते. दीड महिन्यानं तीच पुन्हा भरली की फरक पडला की नाही ते आकड्यात दिसतं, माझ्या किंवा तुमच्या मनाच्या समजुतीवर राहत नाही. शेवटची दहा मिनिटं मी कुठली पद्धत सुचवते आणि का, हे सांगण्यासाठी ठेवते. ते कुणी आपणहून सांगितलं नाही तर विचारून घ्या.

विचारांवरचं काम: "च" शोधायचा

सगळ्यात जास्त वापरली जाते ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्ही अंगांनी केलेलं काम. अमेरिकेत १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांसाठी ती मांडली. तिच्या थोडं आधी, १९५५ मध्ये, अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी सुरू केली. मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो. महाराष्ट्रात ती रुजली याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना. एलिस यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि इथल्या कित्येक जणांना ही पद्धत शिकवली. पुढे ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी केली, तिथूनही ती घराघरांत पोचली. म्हणून आपल्याकडच्या समुपदेशकाच्या तोंडी एलिस हे नाव तुम्हाला हमखास ऐकू येईल.

गाभा साधा आहे. घटना घडते, तिच्याबद्दल आपण स्वतःशी काहीतरी बोलतो, आणि त्या बोलण्यातून भावना तयार होते. घटना बदलणं पुष्कळदा हातात नसतं, ते बोलणं मात्र तपासता येतं.

हे खोलीत कसं होतं ते सांगते. एक शिक्षिका यायच्या, चव्वेचाळीस वर्षांच्या. मुलाला दहावीला एकाहत्तर टक्के पडले तेव्हापासून यांची झोप उडाली, शाळेत पोरांवर ओरडणं वाढलं, छातीत धडधड व्हायला लागली. ईसीजी नॉर्मल. तिसऱ्या भेटीत मी त्यांना म्हटलं, निकालाच्या दिवशी मनात जे वाक्य आलं ते जसंच्या तसं लिहा. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: "मी स्वतः शिक्षिका आहे, माझ्या मुलाला नव्वदच्या वर पडलेच पाहिजे होते, नाहीतर मी आई म्हणून नालायकच." मी लाल पेन्सिल दिली आणि म्हटलं, यातल्या दोन "च" ना गोल करा. त्यांनी केले. मग म्हटलं, आता पहिलं वाक्य "च" शिवाय म्हणून बघा. "नव्वदच्या वर पडले पाहिजे होते..." नाही म्हटलं, अजून सैल करा. बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "पडले असते तर मला फार आवडलं असतं. नाही पडले. वाईट वाटतंय." आणि रडल्या. गेले दोन महिने त्या चिडत होत्या, धुमसत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना साधं वाईट वाटलं. वाईट वाटणं झेपतं. नालायक असणं झेपत नाही.

एलिस यांच्या पद्धतीतला हा कणा, हट्टाचं इच्छेत रूपांतर करणं, मराठीत शिकवायला फार सोपा जातो असं माझं मत आहे. आपली भाषा तो हट्ट एका अक्षरात पकडून हातात देते. घरी करून बघायचं असेल तर आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. जोराचा राग, भीती किंवा अपराधीपणा वाटला की ते वाक्य लिहा आणि "च" शोधा. दिसत नसला तरी तो बहुतेक वेळा लपलेला असतो: लोकांनी माझ्याशी नीट वागलं(च) पाहिजे.

पण या थेरपीत नुसत्या गप्पा नसतात, गृहपाठ असतो आणि तो करावा लागतो. त्या बाईंना मी सांगितलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाजारचे लाडू ठेवायचे, आणि कुणी विचारलं तर "विकतचे आहेत" एवढंच म्हणायचं. वेळ नाही मिळाला, बरं नव्हतं, असलं स्पष्टीकरण द्यायचं नाही. पुढच्या भेटीला आल्या त्या दारातूनच सांगत, "अहो, दोघींनी दुकानाचं नाव विचारलं फक्त!" जगबुडी होत नाही हे मी शंभर वेळा सांगून जे झालं नसतं, ते एका संध्याकाळी झालं.

बेक यांच्या धाटणीच्या सीबीटीत पुराव्याचं काम जास्त असतं. "ऑफिसात सगळे मला टाळतात" हा विचार असेल तर कागदाला मधोमध रेघ मारायची, डावीकडे त्याच्या बाजूचे पुरावे, उजवीकडे विरुद्धचे. न्यायाधीशासारखं. आणि नैराश्य फार खोल असेल तर आधी विचारांना हातच लावत नाहीत, दिवसाला हात लावतात. सकाळी साडेसातला गच्चीवर दहा मिनिटं, दुपारी एका मित्राला फोन, संध्याकाळी स्वतःचे दोन कपडे धुणं, असं वेळापत्रक. उत्साह आल्यावर करू म्हणून थांबलं तर तो येत नाही. हातपाय हलायला लागल्यावर मागून येतो.

चिंता, नैराश्य, पॅनिक, परीक्षेची भीती, लोकांसमोर बोलण्याची भीती यांना ही पद्धत चांगली लागू पडते. साधारण बारा ते वीस भेटी धरून चाला. गृहपाठ करायची अजिबात तयारी नसेल तर मात्र आधीच सांगा, आपण दुसरं बघू.

मंत्रचळ: इथे माझी चूक झाली होती

हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा बघणं, मनात आकडे मोजणं, देवाबद्दल घाण विचार आला म्हणून दिवसभर माफी मागणं. याला आपल्याकडे जुना शब्द आहे मंत्रचळ, आता सगळे ओसीडी म्हणतात.

२००८ मध्ये माझ्याकडे एक तरुण आला. बँकेत नोकरी. नोटा हाताळल्या की घरी येऊन हात, मग नळ, मग नळाला लावलेला साबण धुवायचा. मी त्याच्याशी आठ महिने बोलले. प्रेमानं, समजुतीनं. दर भेटीत तो विचारायचा, "मॅडम, नोटेवरच्या जंतूंनी आईला काही होणार नाही ना?" आणि मी दर भेटीत सांगायचे, "नाही होणार." तो हसून जायचा. आठ महिन्यांनी त्याच्या आईचा फोन आला. आता तो रात्री दीड-दीड तास बाथरूममध्ये असतो, म्हणाल्या. मी दिलासा देत होते, आणि त्याच्या आजाराला नेमका तोच हवा होता. माझं "नाही होणार" हे त्याचं आणखी एक हात धुणं झालं होतं. मी त्याची माफी मागितली, हे काम रीतसर शिकलेल्या एका सहकाऱ्याकडे त्याला पाठवलं आणि पुढची दोन वर्षं स्वतः ते शिकून घेतलं.

ते काम म्हणजे ईआरपी. भीती वाटते त्या गोष्टीच्या समोर जायचं आणि नेहमीची सुटका करून घ्यायची नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी अशा रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं, तिथून ही वाट सुरू झाली.

आम्ही आधी शिडी लिहितो. शून्य ते शंभर, कशाला किती भीती. माझ्या टेबलाला हात लावणं २०. दाराची कडी ३५. चपलेचा तळवा ६०. दहा रुपयांची मळकी नोट हातात धरून मग तोच हात उशीला लावणं ९०. शंभरावरून सुरुवात करत नाहीत, घाबरू नका. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. मी घड्याळ ठेवते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, किती? ३५. ५०. ५५. कपाळावर घाम, बोटं एकमेकांपासून लांब धरलेली, जणू ती त्याची नाहीतच. ५०. ४०. पस्तिसाव्या मिनिटाला तो म्हणतो, "२५ असेल," आणि स्वतःच्या हाताकडे बघतो. आपण काहीच न करता भीती उतरली, हे त्याच्या अंगाला कळलेलं असतं. प्रत्येक वेळी ती इतकी शहाण्यासारखी उतरते असं नाही. नाही उतरली तरी काम फुकट जात नाही, कारण भीती असतानाही न धुता राहता येतं हेही शिकायचंच असतं. हे मी आजही स्वतः शेजारी बसून करते. रुग्णाला हात लावायला सांगण्याआधी माझा हात कडीवर असतो.

घरच्यांना इथे मोठं काम आहे. "कुलूप लावलंय रे, मी बघितलंय" हे म्हणणं हळूहळू बंद करायचं. ते कसं आणि किती दिवसांत, हे समुपदेशकाबरोबर ठरवा, एकदम तोडू नका. आणि सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात प्रश्न येतोच, हा आजार की आचार? मी असं विचारते: आचार पूर्ण झाल्यावर मन शांत होतं का? श्रद्धेनं केलेली पूजा संपते. मंत्रचळाची पूजा संपत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ओसीडीसाठी समुपदेशक शोधत असाल तर फोनवर एकच प्रश्न विचारा: "तुम्ही ईआरपी करता का, आणि किती जणांबरोबर केलंय?" उत्तर "आपण बोलू, मन मोकळं करू" असं आलं तर नम्रपणे आभार मानून दुसरा नंबर लावा. इतर बहुतेक बाबतीत मी एवढं कडक सांगणार नाही.

आयर्विनला किती फूट?

सांगलीत जुलै लागला की हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्याही वर गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक आजी यायच्या. पत्र्यावर पावसाचा आवाज आला की उठून बसायच्या, कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन सकाळपर्यंत. पाणी बारा फुटांवर असलं तरी.

आघातानंतरचा त्रास हा असा असतो. आठवण मागे जात नाही, ती आत्ताच घडत राहते. यासाठी आघात-केंद्रित सीबीटी आहे, ज्यात ती घटना सुरक्षित जागी, सावकाश, पुन्हा पुन्हा सांगत तिला भूतकाळात बसवतात. आणि ईएमडीआर आहे. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये ती सुरू केली. आठवण मनात धरून डोळे समुपदेशकाच्या बोटांमागे डावी-उजवीकडे हलवायचे. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही पद्धतींची शिफारस केली आहे. डोळ्यांच्या हालचालीनं नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, गुण येतो यावर फारसा नाही. मी ईएमडीआर करत नाही. आजींबरोबर मी आघात-केंद्रित सीबीटीचं काम केलं. पिशवी काढून घेतली नाही. पुराच्या गावात तयारी ठेवणं हा शहाणपणा आहे. आम्ही फक्त नियम ठरवला, ३५ फुटांच्या आत पिशवी कपाटात. भीती कुठली खरी आणि कुठली जुनी, हे वेगळं काढण्यातच आमचे दोन महिने गेले.

एक सावधगिरी. पहिल्याच भेटीत "सगळं सांगून टाका, मोकळं व्हा" असा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा. आधी शांत व्हायला शिकवतात, मग आठवणीकडे जातात.

जोडपी, कुटुंब

"ह्यांना जरा समजावून सांगा" म्हणून नवऱ्याला घेऊन येणाऱ्या बायका आणि "हिला काहीतरी सांगा" म्हणून बायकोला घेऊन येणारे नवरे, दोन्ही भरपूर. जोडप्यांच्या समुपदेशनात मी कुणालाच समजावत नाही, निवाडाही करत नाही. मी त्यांचं भांडण कसं चालतं ते बघते. एकानं टोचलं, दुसरा गप्प झाला, गप्प झाला म्हणून पहिल्यानं आणखी टोचलं. हे चक्र दोघांना बाहेरून दिसायला लागलं की पुढचं काम होतं. सुरुवातीलाच विचारून घ्या की एकट्यानं सांगितलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्यापासून लपवून ठेवाल की नाही. प्रत्येकाचा नियम वेगळा असतो आणि तो आधी माहीत असलेला बरा.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर जोडीनं बसायचं नाही. बाई खोलीत खरं बोलते आणि त्याची किंमत घरी मोजते. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत.

कुटुंबाला एकत्र बसवते तेव्हा खुर्च्यांकडे लक्ष ठेवते. सहा खुर्च्या मी गोल मांडते आणि कुणालाही जागा सांगत नाही. मुलगा आजीशेजारी, वडील दारापाशी, आई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर. अर्धी केस तिथेच कळते.

मुलांसाठी

सात वर्षांच्या मुलाला "तुला काय वाटतं?" विचारून काही मिळत नाही. ते खेळात दाखवतं. म्हणून खेळाद्वारे उपचार: वाळूचा ट्रे, बाहुल्या, माती, रंग. समुपदेशक शिकवत नाही, दुरुस्त करत नाही, मुलाच्या मागे-मागे जातो. घरी जाताना गाडीवर "आज काय केलंस, मॅडमना काय सांगितलंस?" ही उलटतपासणी करू नका. त्याची एकच जागा आहे, ती त्याची राहू द्या. आणि मुलाची थेरपी म्हणजे निम्म्या भेटी आईबाबांच्या, हे धरूनच या.

मूल वाचायला टाळतं, अक्षरं उलटी काढतं, म्हणून "समजावा" सांगत आणलं तर मी आधी अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यायला पाठवते. तसं निघालं तर दहावी-बारावीला राज्य मंडळाच्या सवलती मिळतात. समुपदेशनानं डिस्लेक्सिया जात नाही, त्याला विशेष शिक्षक लागतो.

बाकीच्या थोडक्यात

कार्ल रॉजर्स यांच्या वाटेनं चालणारं, व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारं समुपदेशन म्हणजे सल्ला न देता, न तोलता, मन लावून ऐकणं. दुःखात, वियोगात, आयुष्याच्या वळणावर अडकलेल्याला ते फार उपयोगी पडतं. मनोविश्लेषणाच्या अंगाची थेरपी लहानपणापासून पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींकडे बघते. "दर वेळी मी अशाच माणसात का गुंतते?" असा प्रश्न असेल तर ती वाट. ती लांब असते, वर्ष-दोन वर्षं.

भावना क्षणात उकळणं, स्वतःला इजा करणं, नाती सारखी तुटणं, यासाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. मार्शा लाइनहॅन यांनी ती घडवली, आणि २०११ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः या यातनांतून गेल्या होत्या. हे मी माझ्याकडच्या मुलींना आवर्जून सांगते. यात कौशल्यांचा रीतसर वर्ग असतो आणि वेगळ्या वैयक्तिक भेटीही. पूर्ण डीबीटी लहान गावात सहज मिळत नाही, ऑनलाइन चौकशी करा.

गटोपचाराला लोक बिचकतात, "दहा जणांसमोर कोण बोलणार?" पण व्यसनात गटाला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. तिथे व्यसनींच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. त्या बायकांना "तू एकटी नाहीस" हे मी माझ्या खोलीत सांगून काही होत नाही, तिथे ते त्यांना समोर बसलेलं दिसतं.

पैसे, गुप्तता, आणि पटलं नाही तर

फी पहिल्याच फोनवर विचारा, लाजू नका. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात नुसतं दाखवायलाही जाता येतं, भरती व्हावंच लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितलं आहे. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार बसतात का ते मात्र वाचून घ्या.

त्याच कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिला आहे. सासूनं फोन करून "सून काय बोलते?" विचारलं तर मी ती माझ्याकडे येते की नाही हेसुद्धा सांगत नाही. अपवाद आहेत: जिवाला धोका असेल तेव्हा, न्यायालयानं मागितलं तेव्हा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तेव्हा. पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्या भेटीतच सांगायला हवेत. कुणी नाही सांगितले तर विचारा.

चार-पाच भेटींनंतर स्वतःला विचारा: आम्ही कशावर काम करतोय हे मला एका वाक्यात सांगता येतं का? नसेल तर तेच समुपदेशकाला सांगा. "मॅडम, मला दिशा कळत नाहीये." चांगला समुपदेशक यावर चिडत नाही, कागद काढतो. तरीही जमलं नाही तर बदला, पण न सांगता गायब होण्यापेक्षा एक शेवटची भेट घ्या. पुढच्या माणसाकडे काय न्यायचं ते तिथे ठरतं. आणि कुणी धर्मावरून, जातीवरून, तुम्ही कुणावर प्रेम करता यावरून तुम्हाला "दुरुस्त" करायला निघालं, तर पाचव्या भेटीची वाट बघू नका.

रात्री-अपरात्री, आत्ता या क्षणी आधार हवा असेल तर १४४१६. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं.

फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर हे वाचून दाखवा, पुष्कळ जण माझ्याकडे असंच वाचून दाखवतात आणि मला ते आवडतं: "मला अमुक महिन्यांपासून अमुक त्रास आहे. गोळ्या चालू आहेत किंवा नाहीत. माझ्या त्रासासाठी तुम्ही कुठली पद्धत वापरता, त्यात मला काय करावं लागेल, साधारण किती भेटी, आणि फी किती?" एवढं बोलून थांबा. पुढचं बोलायची पाळी आमची.